दुसरा कॅमेरा घेताना बॉडी सगळ्यात शेवटी निवडा

पहिला कॅमेरा कोणताही घेतला तरी फारसं बिघडत नाही. त्यावर शिकायचंच असतं. दुसऱ्याला पैसे दुप्पट-तिप्पट लागतात आणि निवड चुकली तर ती तीन-चार वर्षं गळ्यात पडते. चूक बहुतेक वेळा एकाच जातीची असते: यूट्यूब बघून आधी बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) ठरते, उरलेल्या पैशांत जमेल ती लेन्स येते, आणि आपण नेमकं काय टिपतो हा प्रश्न कुणी विचारतच नाही. इथे दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्याला लागतं, त्यामुळे मधला गाळून पुढे जाऊ नका.

ज्यांना अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांचा मेळ घालता येतो, जे रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढतात किंवा काढायला लागलेत, आणि १८-५५ची किट लेन्स व एखादी ७०-३०० घेऊन वर्ष-दोन वर्षं फिरलेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

## टप्पा १: स्वतःच्या फोटोंचा हिशोब मांडा

हा टप्पा सगळे टाळतात, कारण यात दुकानात जायचं नसतं. पण निम्मा निर्णय इथेच होतो.

गेल्या वर्षभरातले दोन गट काढा. एकात तुम्हाला मनापासून आवडलेले शंभरेक फोटो. दुसऱ्यात हुकलेले: क्षण बरोबर होता, तुम्ही तिथे होतात, तरी फोटो फसला असे. फसलेले डिलीट करायची सवय असेल तर ती महिना-दोन महिने थांबवा, कारण खरी माहिती त्यांच्यातच असते.

आवडलेल्या फोटोंची फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ बघा. लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररी फिल्टरमधल्या मेटाडेटा या भागात हे आकड्यांनिशी दिसतं. लाइटरूम नसेल तर डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. आकडे वाचताना मात्र एक गफलत होते. निम्मे फोटो ५५ मिमीवर निघाले तर ‘मला ५५ आवडते’ असा निष्कर्ष काढू नका. ५५ला लेन्स संपते. तुम्हाला अजून जवळ जायचं होतं आणि रिंग पुढे फिरली नाही. फोटोंचा ढीग १८वर असेल तर तेच उलट दिशेने. लेन्सच्या मधल्या एखाद्या आकड्यावर गर्दी असेल, तर ती तुमची खरी आवड.

आता हुकलेले फोटो. प्रत्येकासमोर कारण लिहा, आणि ते नेमकं लिहा:

- मागच्या भिंतीसकट सगळंच पुसलं गेलंय: हात हलला. शटरचा वेग वाढवणं किंवा स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) हे उपाय.
- भिंत स्वच्छ, पण धावणारं पोर पुसट: शटर कमी पडलं. यावर स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही.
- शार्प आहे, पण भलत्याच जागी: फोकसचा प्रश्न. आधी तुमचा फोकस मोड तपासा, मग कॅमेऱ्याला दोष द्या.
- दाणेदार, चिखलासारख्या सावल्या: खूपदा हा आयएसओचा दोष नसतो. फोटो अंडर, म्हणजे गरजेपेक्षा काळोखा काढून नंतर संगणकावर उजळलेला असतो.
- विषय फ्रेममध्ये मुंगीएवढा: लेन्सची पोच कमी.
- ऐन वेळी कॅमेरा अडकला: बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो साठवणारी कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा) भरला किंवा कार्ड मंद.

हात हलण्याचा जुना हिशोब अजून चालतो. ३०० मिमी लेन्स १.५ क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर असेल तर ३०० × १.५ = ४५०, म्हणून शटर किमान १/४५०, म्हणजे व्यवहारात १/५००. तुमचे फसलेले फोटो १/१६०ला काढलेले निघाले, तर उपाय फुकट आहे.

तपासा: हुकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त फोटो सेटिंगमुळे फसले असतील तर खरेदी इथेच थांबवा. नवा कॅमेरा त्याच चुका जास्त मेगापिक्सेलमध्ये दाखवेल.

## टप्पा २: अडचण एका वाक्यात लिहा

‘इमेज क्वालिटी चांगली हवी’ हे वाक्य चालणार नाही. त्यातून काहीच ठरत नाही. वाक्यात जागा, विषय आणि काय बिघडतं, तिन्ही हवं.

‘भिगवणला उडणाऱ्या फ्लेमिंगोवरून फोकस सुटून मागच्या पाण्यावर जातो.’ इथे पक्षी ओळखणारं ऑटोफोकस आणि मोठा बफर हवा. सेन्सर छोटा असला तरी बिघडत नाही, उलट फायदाच (का, ते टप्पा ३मध्ये).

‘नाटकाच्या प्रयोगात आयएसओ ६४००च्या वर जातो आणि शटरच्या आवाजाने पुढच्या रांगेतले मागे वळून बघतात.’ मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स, मूक (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर, आणि जमल्यास मोठा सेन्सर.

‘हरिश्चंद्रगडावर कॅमेरा नेतो, पण वजनामुळे बॅगेतून बाहेरच काढत नाही.’ हलकी बॉडी आणि त्याहून हलकी लेन्स. फुल-फ्रेमचा विचार इथेच बंद.

‘लग्नाची कामं मिळायला लागली आहेत आणि एका कार्डावर भरवसा ठेवायची भीती वाटते.’ दोन कार्ड स्लॉट. ही चैन समजू नका. फेरे पुन्हा होत नाहीत.

सावधान: वाक्यं तीन-चार झाली तर त्यातलं एक निवडा. सगळ्यांना पुरणारा कॅमेरा असतो, पण तो मधल्या टप्प्यावरच्या माणसाच्या बजेटमध्ये नसतो.

## टप्पा ३: आधी लेन्स ठरवा

टप्पा २च्या वाक्यावरून पुढच्या तीन वर्षांत लागणाऱ्या एक किंवा दोन लेन्स लिहा. प्रत्येकीपुढे किंमत आणि वजन. वजनाचा रकाना गाळू नका.

पक्ष्यांचंच घ्या. सोनीची २००-६०० साधारण २.१ किलो आहे, निकॉन झेडची १८०-६०० साधारण २ किलो. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची, पण ४००वर तिचं अ‍ॅपर्चर एफ/८ होतं. एफ/५.६च्या तुलनेत हा एक पूर्ण स्टॉप गेला, म्हणजे आयएसओ दुप्पट. भिगवणच्या उघड्या पाण्यावर सकाळी नऊ वाजता ते खुशाल चालतं. ताडोबात पहाटे बांबूच्या सावलीत चालत नाही. तीच लेन्स, तोच माणूस, जागा बदलली की उत्तर बदलतं.

फुल-फ्रेमचा मोहही याच टप्प्यावर तपासून घ्या. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी. एपीएस-सी त्याहून लहान: सोनी, निकॉन, फुजीचा क्रॉप १.५ आणि कॅननचा १.६. ४०० मिमी लेन्स १.५ क्रॉपवर ६०० मिमीएवढं दृश्य देते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर तेवढंच दृश्य हवं म्हणून कापलंत, तर हातात साधारण साडेदहा मेगापिक्सेल उरतात. पक्षी टिपणाऱ्याने फुल-फ्रेम घेऊन तीच जुनी ३०० मिमी लावली की पक्षी लहान होतो. ही तक्रार घेऊन दर वर्षी कुणी ना कुणी भेटतंच.

उलट बाजूने, कमी उजेडात माणसं टिपायची असतील तर फुल-फ्रेमला एकाच अ‍ॅपर्चरला साधारण एका स्टॉपचा फायदा असतो. पण एपीएस-सीवर एफ/१.८ची प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स) लावली तर फुल-फ्रेमवरच्या एफ/२.८ झूमच्या जवळ जाता येतं, आणि पैसे कितीतरी कमी लागतात. झूमची सोय जाते, तेवढं चालत असेल तर.

तपासा: ठरवलेल्या लेन्सची अंदाजे फोकल लेंथ आत्ताच्या कॅमेऱ्यावर भाड्याने वापरून बघा. दोन दिवसांचं भाडं लेन्सच्या किमतीपुढे काहीच नाही. कधीकधी या दोन दिवसांत कळतं की लेन्सच हवी होती, कॅमेरा जुनाच चालेल.

## टप्पा ४: माउंट निवडा

बॉडी चार वर्षांत बदलते, लेन्स दहा वर्षं टिकतात. लग्न माउंटशी, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या जोडणीच्या प्रकाराशी होतं.

सोनीचं ई माउंट २०१०पासून आहे आणि त्यावर सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्यांच्या लेन्स सर्वांत मुबलक. फुजीफिल्मचं एक्स माउंट एपीएस-सीसाठीच बनलेलं, त्यामुळे लहान सेन्सरच्या लेन्सची यादी तिथे सर्वांत भरीव. कॅनन आरएफ आणि निकॉन झेड दोन्ही २०१८ची. कॅननने बाहेरच्या ऑटोफोकस लेन्सना दार उघडलं ते उशिरा, २०२४मध्ये, आणि तेही एपीएस-सीपुरतं. सिग्माची १८-५० एफ/२.८ ही हलकी, उपयोगी झूम सोनी ई, फुजी एक्स आणि कॅनन आरएफ तिन्हींवर मिळते. निकॉन झेडवर टॅमरॉनच्या आणि सिग्माच्या काही लेन्स आहेत, पण यादी आखूड. टप्पा ३मधली तुमची लेन्स प्रत्यक्ष कोणत्या माउंटवर मिळते, एवढंच बघा. ‘पुढे येणार आहे’ असं ऐकलेली लेन्स यादीत धरू नका.

जुन्या लेन्स असतील तर अ‍ॅडॅप्टरचा विचार होतोच. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरने व्यवस्थित चालतात. निकॉनमध्ये एक खाच आहे: एएफ-एस लेन्स एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकस करतात, पण बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स करत नाहीत. त्या हातानेच फोकस कराव्या लागतात. बाबांच्या किंवा काकांच्या कपाटातली ८५ एफ/१.८ डी गृहीत धरून गणित मांडलं असेल तर ते पुन्हा मांडा.

आणि डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा? नवा घेऊ नका. कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आता मिररलेसवर (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर) आहे. पण बजेट तुटपुंजं असेल आणि पक्षी किंवा खेळ टिपायचे असतील, तर चांगल्या अवस्थेतला वापरलेला निकॉन डी५०० किंवा डी७५०० आजही काम करतो, आणि त्याच्या लेन्स स्वस्तात मिळतात.

तपासा: तुमच्या शहरात भाड्याने कोणत्या माउंटच्या लेन्स मिळतात आणि तुमच्या ग्रुपमधले मित्र काय वापरतात. उसनी मिळणारी लेन्स हा माउंट निवडण्याचा भक्कम मुद्दा आहे.

## टप्पा ५: पैसे वाटून घ्या, मगच भाव विचारा

समजा हातात एक लाख आहेत. माझ्या मते बॉडीवर ५०-५५ हजारांच्या पुढे जाऊ नये. ३० ते ३५ हजार लेन्सला. उरलेले पैसे लोक विसरतात त्या खर्चांना: जादा बॅटरी, दोन कार्डं, ड्राय बॉक्स, विमा, हार्ड डिस्क. या पैशांत नवी बॉडी बसत नसेल तर वापरलेली बघा, पण लेन्सचे पैसे बॉडीकडे वळवू नका.

कार्डावर लिहिलेला मोठा आकडा वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याचा वेग व्ही३०, व्ही६० यांवरून कळतो: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी. कॅमेरा यूएचएस-टू (जास्त वेगवान जातीचं कार्ड) घेत नसेल तर ते महाग कार्ड घेण्यात अर्थ नाही, कारण यूएचएस-वनची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. ऑनलाइन घेतलेलं कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट साधनाने एकदा पूर्ण भरून तपासा. नकली कार्डं सुरुवातीला अगदी खऱ्यासारखी चालतात.

२४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. हजार फोटो म्हणजे २५-३० जीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या म्हणजे त्याच्या दुप्पट.

सावधान: संगणकावर लाइटरूमची जुनी, एकदाच विकत घेतलेली आवृत्ती असेल तर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल तिथे उघडणारच नाही.

## टप्पा ६: आता बॉडी

इथवर आलात तर यादी आपोआप दोन-तीन नावांवर आलेली असते. त्यांतून निवडताना एवढंच बघा.

मेगापिक्सेल: लग्नाच्या अल्बमचं १२ × १८ इंची पान ३०० डीपीआयने छापायला ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ पुरतात. विषय संपला.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन: कॅनन आर१०, कॅनन आर८, निकॉन झेड५० टू आणि सोनी ए६४०० यांत ते नाही. कॅनन आर७, सोनी ए६७००, फुजी एक्स-एस२०, निकॉन झेड५ आणि झेड५ टू यांत आहे. मंदिरांची शिल्पं, संध्याकाळचे वाडे, हातात धरून व्हिडिओ असं काही करत असाल तर ते लागतं. १/५००च्या वर टिपत असाल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

दोन कार्ड स्लॉट: आर७, झेड५, झेड५ टू, फुजी एक्स-टी५ यांत आहेत. आर१०, आर८, ए६७००, एक्स-एस२० यांत एकच.

सेकंदाला किती फ्रेम हा आकडा बफरशिवाय वाचू नका. सेकंदाला १५ फ्रेम काढणारी बॉडी ३० रॉ फाइलींनंतर थांबत असेल तर तुमच्याकडे दोनच सेकंद आहेत. पाण्यावर झेपावणारी घार तेवढ्यात मासा उचलतेच असं नाही. इलेक्ट्रॉनिक शटरचे चाळीस-चाळीस फ्रेमचे आकडेही सावधपणे घ्या. बऱ्याच बॉड्यांत सेन्सर हळू वाचला जातो आणि फडफडणारे पंख वाकडे येतात. आर७मध्ये हे ठळक दिसतं, म्हणून तिथे यांत्रिक शटरच वापरायचं. तेही सेकंदाला १५ फ्रेम देतं.

माझं मत विचाराल तर: पक्ष्यांसाठी आर७, प्रवास आणि घरच्या फोटोंसाठी एक्स-एस२० किंवा ए६७००, लग्न आणि रंगमंचासाठी झेड५ टू. यातली तीन वर्षं जुनी, नीट ठेवलेली बॉडी मिळाली तर नव्याचा हट्ट कशाला?

## टप्पा ७: दुकानात अर्धा तास

स्वतःचं कार्ड बरोबर न्या, शक्य असेल तर स्वतःची लेन्सही. आणि गर्दीच्या रविवारी जाऊ नका.

1. ठरवलेली लेन्स लावून कॅमेरा पाच मिनिटं एका हातात धरा. करंगळी खाली लोंबकळते का, मनगट दुखतं का, बघा.
2. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, बटणांकडे न बघता आयएसओ, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आणि फोकस पॉइंट बदला. चष्मा असेल तर चौकटीचे चारही कोपरे दिसतात ना?
3. मित्राला दारातून तुमच्याकडे चालत यायला सांगा. कंटिन्युअस फोकसवर वीस फ्रेम काढा आणि डोळा किती फोटोंत शार्प आहे ते मोजा.
4. आयएसओ ३२०० आणि ६४००ला रॉ काढून घरी आणा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळंच सुंदर दिसतं.
5. दुकानातल्या एलईडी दिव्याखाली मूक शटरने १/५००ला फोटो काढा. आडवे पट्टे आले तर रंगमंचावर किंवा मांडवातही येऊ शकतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे विजेबरोबर लुकलुकणारे दिवे १/१०० किंवा १/५०ला सहसा त्रास देत नाहीत. रंगमंचाचे काही एलईडी मात्र कशालाच जुमानत नाहीत.

सावधान: ‘दुकानाची वॉरंटी’ आणि कंपनीची भारतातली वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीएसटीचं बिल आणि त्यावर सीरियल नंबर नसेल तर स्वस्त भाव सोडून द्या. दुबई किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवत असाल तर वॉरंटी कोणत्या देशात चालते ते आधी विचारा. जपानमधून आणत असाल तर मेन्यूची भाषाही, कारण तिथल्या बाजारासाठी बनवलेल्या काही मॉडेलांत जपानीच असते.

## टप्पा ८: वापरलेला घेत असाल तर याच क्रमाने तपासा

बिल आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळतो का, हे पहिलं. जुळत नसेल तर पुढची तपासणी करूच नका.

मग शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा. निकॉनमध्ये तो फोटोच्या माहितीत असतो आणि एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने वाचता येतो. बऱ्याच कॅनन बॉड्यांत तो फोटोत सापडत नाही. मधल्या दर्जाच्या बॉड्यांचं शटर साधारण एक ते दोन लाखांसाठी बनवलेलं असतं. पण काउंट कमी म्हणजे वापर कमी, असं मिररलेसमध्ये धरता येत नाही. व्हिडिओ आणि मूक शटरचा वापर त्यात दिसत नाही.

त्यानंतर एफ/१६ला पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. पुसट काळसर ठिपके धुळीचे असतात आणि साफ होतात, ओरखडा होत नाही. लेन्सचं झाकण लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर द्या आणि रंगीत ठिपके किती आहेत ते बघा. माउंट हलतं का, हॉटशू (वरची फ्लॅश बसवायची खाच) फ्लॅश पेटवतो का, प्रत्येक बटण आणि डायल चालतो का, कार्ड स्लॉटच्या पिना सरळ आहेत का. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर कुणीतरी बॉडी उघडली आहे. का, ते विचारा.

लेन्ससाठी मोबाइलचा टॉर्च. एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याकडून आलेल्या लेन्समध्ये हे हमखास तपासायचं. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतो, म्हणून ‘थोडीशीच आहे’ या बोलण्यावर भाव करत बसू नका.

तपासा: विकणारा तुम्हाला स्वतःचं कार्ड घालून वीस मिनिटं कॅमेरा चालवू देत नसेल, तर व्यवहार नको.

## टप्पा ९: पहिले पंधरा दिवस

परत देण्याची मुदत असेपर्यंत कॅमेऱ्याला राबवा. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर समोर सरळ ठेवा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढा. चारपैकी एकच कोपरा पुसट असेल तर लेन्सचा भाग सरकलेला असू शकतो. ती लगेच बदलून घ्या. कार्ड पूर्ण भरेपर्यंत बर्स्ट मारा, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढा. फर्मवेअर अद्ययावत करताना बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो ई-मेलमध्ये ठेवा, विम्याला आणि चोरीच्या तक्रारीला लागतो.

पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटं आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ती सुकवा. एसी गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर काचेवर पाणी धरतं. ‘वेदर सील्ड’ बॉडीवर सील नसलेली लेन्स लावली की त्या सीलला अर्थ उरत नाही.

जुना कॅमेरा लगेच विकू नका. नव्याची बटणं बोटांना माहीत होईपर्यंत महत्त्वाच्या कामाला दोन्ही न्या, आणि कुणाच्या लग्नात नव्याचा पहिला प्रयोग करू नका. दोन महिन्यांत जुन्याला हात लागला नाही, तर बिल, खोका आणि चार्जर जोडून विकायला काढा. खोक्यासकट भाव बरा येतो.